उंची, वजन आणि चण

आगगाडीच्या फलाटावर पूर्वी वजनाचे एक यंत्र उभे असे. रंगीत दिवे, काचेआड गरगर फिरणारे चक्र. फटीत नाणे टाकले की आत काही खडखड होई आणि पुठ्ठ्याचे एक चिमुकले तिकीट बाहेर पडे. तिकिटाच्या एका बाजूस वजन छापलेले असे आणि दुसऱ्या बाजूस भविष्य, क्वचित एखाद्या नटीचे चित्रही. ती यंत्रे आता बहुतेक स्थानकांवरून नाहीशी झाली आहेत. परंतु वजन आणि भविष्य ह्या एकाच पुठ्ठ्याच्या दोन बाजू आहेत, अशी कल्पना ज्याला सुचली तो गृहस्थ, नकळत का होईना, आयुर्विम्याच्या धंद्याचे मर्म जाणत होता, असे मला पुष्कळदा वाटते. माणसाला काट्यावर उभे करून तो किती जगेल हे सांगण्याचा उद्योग गेली सव्वाशे वर्षे मोठ्या गांभीर्याने चालू आहे. त्या उद्योगाची कथा आपल्यालाही लागू आहे. कारण त्यात वापरलेली मापे आपल्या अंगावरून घेतलेली नव्हती, आणि तरीही ती आपल्या अंगावर चढविण्यात आली.

माणसाचे वजन करण्याची चाल तशी जुनी आहे. पण ते आरोग्यासाठी नव्हे. तुलापुरुषदान हे सोळा महादानांपैकी एक. जहांगीर बादशहा आपल्या वाढदिवशी तराजूत बसे, आणि १६१७ साली मांडूच्या किल्ल्यात सर टॉमस रो ह्या इंग्रज वकिलाने तो सोहळा डोळ्यांनी पाहून लिहून ठेवला. शिवाजी महाराजांची १६७४ साली राज्याभिषेकप्रसंगी रायगडावर सुवर्णतुला झाली. तिला सुमारे १६,००० होन लागल्याचे हेन्री ऑक्झिंडेनने नमूद केले आहे. त्या होनांवरून महाराजांचे वजन काढण्याचा खटाटोप आपल्या इतिहासप्रेमी मंडळींनी हौसेने केला आहे. त्या दिवशी मात्र तराजूपाशी उभ्या असलेल्या कोणाच्याही मनात राजाची प्रकृती तोलली जात आहे असे आले नसेल. तोलले जात होते ते दान.

वैद्यांना देहाच्या मापाची जाण नव्हती असे मात्र नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आठ निंद्य देहांचा एक अध्यायच आहे. अतिउंच, अतिठेंगणा, अतिस्थूल, अतिकृश असे देह त्यात येतात; आणि स्थूल व कृश ह्यांत कृश बरा, कारण स्थूलाची चिकित्सा अवघड, असा स्पष्ट निर्णय तेथे दिलेला आहे. रोग्याच्या दशविध परीक्षेत ‘संहनन’ आणि ‘प्रमाण’ अशा दोन निराळ्या परीक्षा सांगितल्या आहेत. संहनन म्हणजे हाडे, सांधे, मांस ह्यांची घट्ट बांधणी, आपण जिला ‘चण’ किंवा ‘हाडपेर’ म्हणतो ती. प्रमाण म्हणजे माप. हे माप अंगुळांत घ्यावयाचे, आणि अंगूळ कोणाचे? ज्याचे माप घ्यावयाचे त्याचेच. चरकाने देहाची उंची स्वतःच्या ८४ अंगुळे सांगितली आहे, सुश्रुताने १२०. ह्या तफावतीची मीमांसा विद्वानांनी करावी. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की, येथे मोजपट्टी ज्याच्या त्याच्या हातात होती. बुटक्याचे अंगूळ बुटके, उंचाचे उंच. एका माणसाच्या देहाची दुसऱ्याच्या देहाशी तुलना ह्या पद्धतीने करताच येत नाही. वैद्याला तिची गरजही नव्हती. त्याच्यापुढे एकच रोगी बसलेला असे.

तुलनेची गरज लागते ती पुष्कळ माणसांचा हिशेब ज्याला ठेवावयाचा आहे त्याला. सैन्याला ठेवावा लागतो, सरकारला ठेवावा लागतो, विमा कंपनीला ठेवावा लागतो. पादुआचा वैद्य सांक्तोरिओ ह्याने तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून वर्षानुवर्षे आपले वजन, खाणे, पिणे आणि उत्सर्ग मोजले व १६१४ साली त्यावर ग्रंथ लिहिला. पण तोही एका देहाचाच हिशेब होता. अनेक देहांचा हिशेब मांडणारा पहिला मोठा माणूस वैद्य नव्हताच. तो ज्योतिषी होता.

अ‍ॅडॉल्फ केटले ह्याचा जन्म १७९६ साली घेंट येथे झाला. ब्रुसेल्सची वेधशाळा ही त्याच्याच प्रयत्नांचे फळ. ग्रहताऱ्यांचे वेध घेताना प्रत्येक वेधात थोडी चूक राहते, आणि त्या चुका एका ठराविक नियमाने मधल्या आकड्याभोवती पसरलेल्या असतात, हे ज्योतिष्यांना ठाऊक होते. केटलेने हाच नियम माणसांना लावला. ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापे त्याला एका वैद्यकीय नियतकालिकात मिळाली. त्यांची सरासरी चाळीस इंचांच्या आसपास होती आणि बाकीची मापे तिच्या दोन्ही बाजूंस अशी पसरली होती की, जणू एकाच पुतळ्याची छाती एखाद्या अडाणी शिंप्याने पाच हजार वेळा मोजली असावी. केटलेने त्यावरून अनुमान काढले की निसर्गाच्या मनात एकच माणूस आहे. आपण सगळे त्याच्या कमीअधिक चुकलेल्या प्रती आहोत. ‘सरासरी माणूस’ ही मूर्ती १८३५ सालच्या त्याच्या ग्रंथाने जगापुढे उभी केली. त्याच ग्रंथात, वाढ पुरी झालेल्या माणसांचे वजन त्यांच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, असे एक निरीक्षण आहे. ग्रंथाच्या पसाऱ्यात ते लहानसेच. परंतु पुढे जगभरच्या दवाखान्यांत जे सूत्र भिंतीवर लागले ते हेच.

आकड्यांवर केटलेचे प्रभुत्व केवढे होते ह्याची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. फ्रान्समध्ये सक्तीच्या लष्करभरतीसाठी ठराविक किमान उंची लागे. एक लाख तरुणांच्या उंचीचे कोष्टक पाहताना केटलेच्या ध्यानात आले की, त्या मर्यादेच्या किंचित खाली माणसे फार आहेत आणि किंचित वर फार थोडी. नियमाप्रमाणे जेवढे असावयास हवे होते त्याहून सुमारे दोन हजार तरुण अधिक बुटके निघाले होते. लष्कर टाळण्यासाठी त्यांनी गुडघे वाकविले होते की मोजणाऱ्याचे हात ओले केले होते, हे आकडे सांगत नाहीत. लबाडी झाली, एवढे मात्र सांगतात. माप घेणारा आणि माप देणारा ह्यांच्यात असा झगडा सुरुवातीपासून आहे, हे लक्षात असू द्यावे.

केटलेचा सरासरी माणूस हा वर्णन होता. त्याचा आदर्श झाला तो अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या कचेऱ्यांत. विमेदाराच्या दृष्टीने प्रश्न अगदी व्यवहाराचा असतो: हा अर्जदार किती हप्ते भरून मरेल? त्यासाठी बापाचे वय, आईचा आजार, दारू, पेशा ह्यांची चौकशी होईच. वजन ही त्यांतली सर्वांत स्वस्त चौकशी. १८९७ साली अमेरिका व कॅनडातील ७४,१६२ पुरुष अर्जदारांच्या उंची-वजनाचे कोष्टक तयार झाले. १९१२ साली अनेक कंपन्यांनी एकत्र येऊन, १८८५ ते १९०८ ह्या काळात विमा उतरविलेल्या लोकांचे मृत्यू त्यांच्या बांध्याशी ताडून पाहिले. त्यातून जे निघाले ते मोठे बोलके होते. चाळिशीपुढे सरासरीहून हलका मनुष्य अधिक जगे. परंतु ऐन तारुण्यात सरासरीहून थोडा भारी असलेलाच बरा ठरे. कारण क्षय. ज्या काळी वीस-पंचवीस वर्षांची पोरे क्षयाने खंगून मरत, त्या काळी अंगावरचे चार पौंड मांस ही ठेव होती. म्हणजे चांगले वजन कोणते, ह्याचे उत्तर देहात नव्हते. त्या काळी कोणता रोग माणसे मारीत होता, ह्यात होते.

ह्या कोष्टकांतील माणसे कोण होती, हेही विचारले पाहिजे. विमा उतरविण्याइतकी ऐपत असलेली, बहुतांशी गोरी, पुष्कळशी शहरांत राहणारी. त्यांची मापे बूट आणि कपड्यांसह घेतलेली. १९५९ सालच्या प्रसिद्ध कोष्टकात पुरुषांच्या बुटांची टाच एक इंच व स्त्रियांची दोन इंच धरली होती. अनवाणी उभ्या राहणाऱ्या आपल्याकडच्या माणसाचे वजन ह्या कोष्टकात शोधताना त्याच्या पायांत ह्या टाचा कोणी घातल्या असतील असे मला वाटत नाही.

आता ‘चण’ ह्या शब्दाकडे वळू. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन लाइफ कंपनीत लुई डब्लिन नावाचा संख्याशास्त्रज्ञ होता. जन्माने लिथुआनियाचा, कर्तृत्वाने अमेरिकन, आणि आपल्या कामावर अपार श्रद्धा असलेला. वय वाढते तसे वजन वाढले तरी चालते, ही जुनी समजूत त्याला मान्य नव्हती. पंचविशीनंतर वजन वाढण्याचे कारणच काय? १९४२ साली स्त्रियांसाठी व १९४३ साली पुरुषांसाठी त्याने ‘आदर्श वजना’ची कोष्टके प्रसिद्ध केली. परंतु एकाच उंचीच्या माणसांच्या वजनांत एवढा फरक दिसे की, एकच आकडा सांगणे त्याला शक्य झाले नाही. तेव्हा त्याने आकड्यांची ती पसरण तीन भागांत तोडली आणि त्या भागांना नावे दिली: लहान चण, मध्यम चण, मोठी चण.

येथे थोडे थांबले पाहिजे. कारण चण प्रत्यक्षात कोणाची मोजली होती? कोणाचीच नाही. विमा अर्जावर मनगटाचे वा कोपराचे माप नव्हते. हलक्या तृतीयांशाला लहान हाडाचे म्हटले आणि जड तृतीयांशाला मोठ्या हाडाचे. वजनातील फरक समजावून सांगण्यासाठी हाडे कल्पिली गेली, आणि मग त्याच कल्पित हाडांवरून वजन बरोबर की चूक ते ठरू लागले. आपली चण कोणती हे वाचकाने कसे ओळखावे, ह्याविषयी कोष्टक मौन पाळून होते. परिणाम व्हावयाचा तोच झाला. १९५९ च्या कोष्टकात पाच फूट सहा इंच उंचीच्या पुरुषाला लहान चणीसाठी १२४ ते १३३ पौंड, मध्यम चणीसाठी १३० ते १४३ आणि मोठ्या चणीसाठी १३८ ते १५६ पौंड वजन सांगितले आहे. आता १४० पौंडांचा गृहस्थ घ्या. चण लहान म्हटली तर तो लठ्ठ. मध्यम म्हटली तर योग्य. मोठी म्हटली तरीही योग्य, किंबहुना थोडा हडकुळाच. अशा वेळी मनुष्य आरशापुढे उभा राहून कोणता निर्णय देतो हे सांगावयास नको. ‘आमचे हाडच मोठे आहे हो,’ हे वाक्य आपल्याकडेही मंगल कार्यालयात पंगतीच्या शेवटी ऐकू येतेच.

१९५९ चे कोष्टक मात्र निराधार नव्हते. त्यामागे २६ कंपन्यांच्या सुमारे एकोणपन्नास लाख विमापत्रांचा अभ्यास होता. जाड माणसे लवकर मरतात, ह्या मुख्य निष्कर्षाला धक्का लागला नाही. आदर्श वजनाच्या जागी ‘इष्ट वजन’ हा सौम्य शब्द आला. पुढे १९८३ साली नवी कोष्टके निघाली तेव्हा दोन गोष्टी घडल्या. एक, ‘आदर्श’ आणि ‘इष्ट’ ही दोन्ही विशेषणे गळाली. दोन, चण अखेर मोजली गेली. हात कोपरात काटकोनात वाकवावयाचा आणि कोपराच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या उंचवट्यांमधील अंतर घ्यावयाचे. मध्यम उंचीच्या अमेरिकन पुरुषांत हे अंतर पावणेतीन ते तीन इंच असले तर चण मध्यम, त्याहून कमी तर लहान, अधिक तर मोठी. ह्या मर्यादाही अशा बेताने आखल्या होत्या की, निम्मे लोक मध्यम ठरावेत आणि उरलेले निम्मे दोन्ही बाजूंस समान वाटले जावेत. हाडे खरी मोजली. रेषा मात्र पुन्हा माणसानेच ओढली.

ह्या सगळ्या व्यवहारावर ज्याचा मनस्वी राग होता तो मिनेसोटाचा शरीरशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज. चणीचा हा खेळ त्याला केवळ टेबलाशी बसून केलेली रचना वाटे. १९७२ साली त्याने पाच देशांतील ७,४२४ निरोगी पुरुषांची मापे घेऊन, वजन आणि उंची ह्यांचे कोणते गुणोत्तर अंगातील चरबीशी जास्तीत जास्त जुळते हे तपासले. त्यात केटलेचे जुने सूत्र, म्हणजे वजनाचे किलोग्रॅम भागिले उंचीच्या मीटरांचा वर्ग, इतरांपेक्षा थोडे सरस ठरले. त्याला त्याने ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले. सूत्र बेल्जमच्या ज्योतिष्याचे, नाव अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाचे. मोजलेल्यांत स्त्री एकही नव्हती आणि भारतीयही कोणी नव्हता. कीजचा दावा समूहांपुरता होता. एकेका माणसाला त्यावरून रोगी वा निरोगी ठरवावे असे त्याने म्हटले नव्हते. पण सूत्र सोपे होते, त्याला कोपर मोजावे लागत नव्हते, आणि सोप्या गोष्टींना पाय फुटतात. १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १८.५, २५, ३० अशा रेषा आखल्या. १९९८ साली अमेरिकेने आपली जुनी, सत्तावीसच्या वरची रेषा २५ वर आणली, त्या दिवशी तेथील अडीच-तीन कोटी माणसे एका छटाकानेही न वाढता वजनदार ठरली. कोल्हापूरच्या तालमीतला तयारीचा पैलवान ह्या हिशेबात लठ्ठ ठरतो, हे वेगळे सांगावयास नकोच.

ही मोजपट्टी आपल्याकडे कशी आली? विम्याच्या कंपन्या हिंदुस्थानात आल्या तेव्हा गोऱ्या कंपन्या हिंदी माणसाचा जीव हलक्या प्रतीचा धरून त्याच्याकडून जादा हप्ता घेत. १८७० साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल ह्या संस्थेने प्रथम हिंदी लोकांचा विमा सामान्य दराने उतरविला. त्या घटनेला आपल्या आर्थिक इतिहासात जेवढे स्थान मिळावयास हवे तेवढे मिळालेले नाही. दुसरीकडे केटलेची परंपरा आपल्या विद्वानांपर्यंत पोहोचली ती वंशशास्त्राच्या वाटेने. प्रशांतचंद्र महालनोबिस ह्यांचा १९२२ सालचा संख्याशास्त्रीय निबंध कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन पुरुषांच्या उंचीवर आहे. इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर ह्यांनी १९५१ साली महाराष्ट्रातील जातीजमातींच्या शरीरमापनाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. ह्या मोजण्यांत माणूस कोणाशी नात्याने जवळ आहे हे पाहावयाचे होते. तो धडधाकट आहे की उपाशी, हा प्रश्न पुढचा.

तो प्रश्न माझ्यापुरता १९६८ साली आला. एका कचेरीत नोकरीसाठी निवड झाल्यावर डॉक्टरी तपासणीस गेलो. छातीला फीत लावली, श्वास भरावयास सांगितले, मग काट्यावर उभे केले. डॉक्टरांच्या टेबलावरील काचेखाली छापील कोष्टक होते आणि त्यांच्या बोटाखालच्या आकड्याहून मी अकरा पौंड कमी भरलो. ‘अशक्त’ असा शेरा पडला. एका अनुभवी शिपायाने बाहेर गाठून सल्ला दिला: पंधरा दिवसांनी या, येताना डझनभर केळी खा आणि वर तांब्याभर पाणी प्या. मी तसे केले आणि पास झालो. वाकविलेल्या गुडघ्यांच्या त्या दोन हजार फ्रेंच तरुणांविषयी मला आपुलकी वाटते ती त्यामुळेच. ते कोष्टक कोणाचे, हे मात्र मला फार वर्षांनी, एका ग्रंथालयात तीन चणींचे रकाने पुन्हा दृष्टीस पडले तेव्हा कळले.

एकट्यादुकट्याच्या नोकरीचा प्रश्न केळ्यांवर सुटतो. राष्ट्राचा सुटत नाही. आपल्याकडील लाखो माणसे कोष्टकाहून लहान भरतात, ती उपाशी आहेत म्हणून, की ती मुळातच तशी आहेत म्हणून? ह्या प्रश्नावर १९८० च्या सुमारास जो वाद झाला, त्यातील एक प्रमुख पुरुष साताऱ्याकडचा होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध गावी झाला. रोमच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालकपद त्यांनी १९५१ पासून जवळजवळ वीस वर्षे भूषविले आणि जगातील भुकेची गणना कशी करावी ह्याचा पाया घातला. त्यांचे म्हणणे असे: माणसाचा आहार आठवड्यागणिक कमीजास्त होत असतो आणि एका मर्यादेत देह त्याच्याशी जुळवून घेतो. तेव्हा सरासरी गरजेहून कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी म्हणणे चूक. रेषा खाली घेतली पाहिजे. रेषा खाली घेतली की उपाशांची संख्या उतरते. पुण्यातच दुसऱ्या टोकाला दांडेकर होते. ज्यांनी एके काळी महाराष्ट्राची डोकी आणि उंची मोजली होती आणि १९७१ साली नीलकंठ रथ ह्यांच्यासह दारिद्र्याची रेषा कॅलरींच्या आधारे आखली होती, त्या दांडेकरांनी सुखात्म्यांच्या मताचा नेटाने प्रतिवाद केला. दोन्ही पुरुष हिशेबाला पक्के, आणि दोघांचीही देशाविषयीची कळकळ निर्विवाद.

सुखात्मे जेथे थांबले तेथून डेव्हिड सेकलर नावाचा अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ पुढे गेला. लहान पण निरोगी, असा त्याचा सिद्धान्त: सौम्य किंवा मध्यम खुरटलेले मूल हे रोगी नव्हे, परिस्थितीशी जुळवून घेतलेले मूल होय. ह्याला पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन ह्यांनी दिलेले उत्तर मला निर्णायक वाटते. श्रीमंतांची मुले उंच होतात तेव्हा त्यांना लहान राहण्याचा उपदेश कोणी करीत नाही, मग गरिबाच्या मुलाचे खुरटणे तेवढे शहाणपणाचे कसे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी १९७७ साली कारखान्यातील कामगारांचा अभ्यास करून, देहाचा आकार आणि दिवसाचे उत्पादन ह्यांचा संबंध दाखविला होता. उत्पादनावर मजुरी मिळत असेल तर लहान देह म्हणजे लहान मजुरी. पुढे दिल्लीसह सहा देशांतील सहा शहरांत, चांगली परिस्थिती आणि आईचे दूध मिळालेल्या मुलांची वाढ जागतिक आरोग्य संघटनेने मोजली व २००६ साली प्रसिद्ध केली. पाच वर्षांपर्यंत दिल्लीचे, ऑस्लोचे आणि आक्राचे मूल जवळजवळ सारखेच वाढते, असे दिसून आले. खुरटणे आपल्या रक्तात आहे, ह्या समजुतीला त्यानंतर फारसा आधार उरला नाही.

इतके झाल्यावर कोणासही वाटेल की, अडचण फक्त आपल्या हडकुळेपणाची आहे. गंमत अशी की, त्याच पुणे शहरातून दुसऱ्याच बाजूचे सत्य पुढे आले. केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय साप्ताहिकात स्वतःचे छायाचित्र छापले. दोघे शेजारी उभे, दोघांचा निर्देशांक नेमका २२.३. कोष्टकाच्या भाषेत दोघेही उत्तम. परंतु अंगातील चरबी मोजली तेव्हा युडकिन ह्यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिक ह्यांची २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या हिंदी देहात मांस कमी आणि चरबी अधिक, तीही पोटाच्या पोकळीत. ज्या काट्याने मला अशक्त ठरविले, तोच काटा अशा माणसाला निरोगी ठरवितो, आणि त्याचा मधुमेह मात्र निमूटपणे वाढत असतो.

ह्याचे मूळ शोधण्यासाठी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गर्भवती स्त्रियांची नोंद ठेवली गेली. जन्मलेल्या मुलांचे सरासरी वजन २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील मुलांचे ३.५ किलो. आपली बाळे सर्वच मापांत लहान होती, पण सारखी लहान नव्हती. पोट आणि दंड पुष्कळच बारीक. पाठीवर चिमटीत धरलेली त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. गुटगुटीत बाळांच्या स्पर्धा भरविणाऱ्या आपल्या समाजाने ज्या बाळाकडे पाहून ‘किती किडकिडीत’ म्हणावे, ते बाळ आपल्या परीने चरबी साठवून जन्मास आले होते.

रेषा मग सरकविणे भागच होते. २००२ साली सिंगापूर येथे तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे सावधगिरीचे टप्पे सुचविले. आंतरराष्ट्रीय रेषा त्यांनी कायम ठेवल्या. भारतीय वैद्यांनी २००९ साली आपल्यापुरता निर्णय केला: २३ पासून जादा वजन, २५ पासून लठ्ठपणा, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० ह्यांपुढे गेल्यास धोका. २०२५ च्या आरंभी भारतीय आणि आंतरराष्ट्रीय अशा दोन्ही तज्ज्ञमंडळांनी, केवळ निर्देशांकावरून लठ्ठपणाचा रोग ठरवू नये, कमरेचा घेर आणि देहाच्या प्रत्यक्ष व्यथा पाहाव्यात, असे सांगितले. शिंप्याची फीत पुन्हा वैद्याच्या हातात आली आहे. चरकाच्या दशविध परीक्षेत संहनन आणि प्रमाण हे वेगळे का ठेवले होते, ह्याचा अर्थ काही अंशी आता लागतो, असे म्हटले तर ते पूर्वजांचे फाजील कौतुक होऊ नये.

पुण्याजवळच्या त्या सहा खेड्यांतील मुले पुढे मोठी झाली. संशोधकांनी त्यांना सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा मोजले. अठराव्या वर्षी त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांचा निर्देशांक १८.५ च्या खाली होता. म्हणजे रूढ कोष्टकाप्रमाणे ती मुले कमी वजनाची, माझ्यासारखीच ‘अशक्त’. त्याच दिवशी त्यांचे रक्तही तपासले होते. तरुणांपैकी ३७ टक्के आणि तरुणींपैकी १८ टक्के जणांच्या रक्तातील साखर मर्यादेबाहेर गेलेली होती.